त्या सकाळी दूध संपलं नव्हतं

४ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पाया पडतो, पण मनातल्या मनात. खांदा झोळीत आहे, वाकता येत नाही.

फोन तू उचलत नाहीस. भाची उचलते आणि म्हणते, "आई झोपलीये मामा." सकाळी केला तरी झोपलीस, संध्याकाळी केला तरी झोपलीस. जन्मात दुपारी पाठ न टेकलेली बाई लेकीकडे जाऊन एवढी झोपायला लागली यावर विश्वास ठेवायला मी काही दूधखुळा नाही. तू रागावली आहेस. म्हणून कागदावर लिहितोय. कागद तू फाडशील, पण वाचून फाडशील, एवढं मी तुला ओळखतो.

तब्येत ठीक. आकडीत खांदा निखळला तो बसवलाय. जीभ चावली गेली होती, ती भरत आलीय. लोक विचारतात, आकडी आली तेव्हा कसं वाटलं? मला काय ठाऊक! मी तिथे नव्हतोच. मास्तरीणबाई अळंबी देऊन लोकांना बसवतात त्या हॉलमध्ये गादीवर पडलो होतो. तू जिला नशेची म्हणतेस ती अळंबी खाऊन बराच वेळ झाला होता. छताला आलेली ओल हळूहळू हलायला लागली होती, बरं वाटत होतं. त्यानंतर एकदम अँब्युलन्सचं छत. बाई शेजारी बसून डॉक्टरांना ठणठणीत आवाजात सांगत होत्या, की याने अळंबी खाल्ली, माझ्याकडे खाल्ली, इतकी खाल्ली. पळून गेल्या नाहीत. त्यांच्याबद्दल तुझं मत काहीही असो, हे तेवढं लक्षात ठेव.

तू हॉस्पिटलमध्ये आलीस ते मला धूसर आठवतं. नर्स रक्त काढत होती. तू खाटेच्या पायाशी उभी होतीस आणि तिला म्हणालीस, "एवढं रक्त कशाला घेताय त्याचं?" मग पाणी आणते म्हणून गेलीस, ती थेट लेकीच्या गावाला. पाणी बरंच लांबून आणायला गेलीस म्हणायचं.

मी तुझं ऐकलं नाही म्हणून तुझा राग. कबूल. पण मी गेलो का, ते एकदा शांतपणे वाच. मन ताळ्यावर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या चालू होत्या तोवर कंपनीने मला गोदामात ठेवलं होतं. वर्षानुवर्षं नटबोल्ट मोजले. लिथियम घेणाऱ्याचे हात थरथरतात आणि थरथरत्या हाताच्या माणसाला क्रेनवर चढवत नाहीत, नियमच आहे. मागच्या उन्हाळ्यात मी गोळ्या सोडल्या. डॉक्टर नको म्हणाले, तू नको म्हणालीस, मी सोडल्या. बंद केल्यात असं सही करून दिलं आणि पुन्हा वर गेलो. मन कसं शांत राहिलं, ते तू पाहिलंस. झोप, भूक, सगळं जागेवर. हात तेवढे थरथरत राहिले. दांडीवर बोट हललं की तिकडे खाली हूक डुलतो. खालून इशारे देणारा आपला शिट्टी वॉकीवर विचारायचा, "दादा, आज वर भूकंप आहे का?" मी हसायचो. मग एक दिवस सेफ्टीवाले साहेब केबिनपर्यंत शिडी चढून आले आणि माझ्या हातांकडे बघत बसले.

गोळी बंद, तरी थरथर चालू. म्हणजे ती गोळीची नाहीच, आपल्याच आत काहीतरी गाठ बसलीय, असं मी धरून चाललो. मास्तरीणबाई म्हणाल्या, काहींची अशी गाठ अळंबीने सुटते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला पुन्हा नटबोल्ट मोजायचे नव्हते, ताई.

राग ओसरला की फोन कर.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

ताई,

एक गंमत झाली. गंमत म्हणतोय, पण हसायला आलेलं नाही.

मेंदूचे डॉक्टर तरुण आहेत, बोलताना पेनचं टोपण काढतात आणि घालतात. रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून म्हणाले, "तुम्ही लिथियम घेत नाही म्हणालात." म्हटलं, "नाही घेत. उन्हाळ्यापासून नाही." ते म्हणाले, "रक्तात आहे. चांगलं भरपूर आहे." मी म्हटलं, शेजारच्या खाटेवरच्या बाबांचं रक्त माझ्या नावावर गेलं असेल. त्यांनी पुन्हा तपासायला पाठवलं. काही दिवसांनी काढलेल्या रक्तातही सापडलं, फक्त कमी झालेलं. म्हणजे बाबांचं नाही. माझंच, आणि हळूहळू उतरणारं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नुसत्या अळंबीने आकडी क्वचित येते. पण लिथियम अंगात असताना ती घेतली आणि आकडी आली, अशा हकिगती त्यांच्या पुस्तकांत बऱ्याच आहेत. सगळ्यांनाच येते असं नाही, पण धोका खरा. म्हणाले, "कारण सापडलं हे तुमच्या दृष्टीने बरंच आहे. कारण नसतं, तर अपस्मार समजून जन्मभराची औषधं लावावी लागली असती." मला बरं वाटायला हवं होतं. पण ते बोलताना माझ्याकडे बघत होते ते खोटारड्याकडे बघावं तसे.

मास्तरीणबाई भेटायला आल्या. खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. त्यांचा नियम मी तुला आदल्या संध्याकाळी सांगितलाच होता. गादीवर बसवण्याआधी त्या प्रत्येकाला डोळ्यांत बघून विचारतात, "लिथियम घेता का? घेत असाल तर उठा आणि घरी जा." मी छाती ठोकून नाही म्हणालो होतो. आता त्या म्हणाल्या, "माझ्या हॉलमध्ये माणूस मरता मरता वाचला. हॉल बंद केलाय मी. फक्त एवढं सांगा, खोटं का बोललात?" मी म्हटलं, नाही बोललो. त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. शाळेत शिकवलेल्या बाईचं ते "बरं" कसं असतं, तुला माहीत आहे.

आता तूच सांग. घरात आपण दोघंच. मी झोपेत उठून गोळ्या खात होतो का? जुनी पाकिटं कुठे पडली होती का? हसू नकोस, माणसं झोपेत चालतात, दारं उघडतात, मग गोळी का नाही खाणार? तुला काही आठवत असेल तर कळव. बाकी काही विचारत नाही.

धाकटा


१५ फेब्रुवारी

ताई,

आज कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे खांद्याचं मलम आणायला गेलो. मलम पुढे करत तो म्हणाला, "गोळ्या पण देऊ का? ताई या महिन्यात आल्याच नाहीत."

मी विचारलं, "कुठल्या गोळ्या?"

त्याने फळीवरून पाकीट काढून समोर ठेवलं. "तुमच्याच की. दर महिन्याला नेतात त्या. मध्येच सोडू नका हं दादा."

मी मलमसुद्धा तिथेच विसरलो. दुकानाच्या पायरीवर बसलो. लोक माझ्या बाजूने चढत-उतरत होते.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट, थर्मास. रोज सकाळी दारात माझ्या हातात थर्मास द्यायचीस. मी म्हणायचो, अगं, साईटवर मशीनची कॉफी मिळते. तू म्हणायचीस, "ती कसली कॉफी! वर वाऱ्यात दाट लागते." आणि किती कडू करायचीस. तळाशी गाळ राहायचा, मी थट्टा करायचो, की ताई, कॉफी करतेस का गिलावा कालवतेस? तू भांडी आवरत पाठ करून उभी असायचीस. सुट्टीच्या दिवशी कपातून. एकही दिवस चुकला नाही. मी शिट्टीला सांगायचो, बघ, आमच्या ताईची माया.

आणि मी काय मिरवत होतो! सुंठीवाचून खोकला गेला म्हणून साऱ्या जगाला सांगत होतो. वर केबिनमध्ये बसून वाटायचं, बघा, गोळीशिवाय मी धड आहे, माझा मी धड आहे. पन्नाशी गाठताना पहिल्यांदा असं वाटलं होतं. ताई, ती सुंठ रोज थर्मासमधून येत होती. हात थरथरायचे ते त्यानेच. ते थांबावेत म्हणून मी अळंबी खायला गेलो.

पण खरं सांगू? इथपर्यंत मी तुला समजून घेईन. पुढचं नाही.

आदल्या संध्याकाळी मी तुला बाईंचा नियम शब्दन्‌शब्द सांगितला. लिथियम पोटात असेल तर आकडी येऊ शकते, एखादा दगावूही शकतो. तू बशी पुसत होतीस. तीच बशी पुसत राहिलीस. मग म्हणालीस, "जाऊ नकोस."

"का?"

"मला बरं नाही वाटत."

"काय होतंय?"

"काही नाही."

सकाळी पुन्हा "जाऊ नकोस". आणि त्या सकाळी, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, कॉफी नाही. "दूध संपलंय," म्हणालीस. दूध संपलं नव्हतं. मी हॉस्पिटलमधून आलो तेव्हा ते फ्रिजमध्ये नासून फुगलं होतं, मीच मोरीत ओतलं. तेव्हा काही सुचलं नाही. आज पायरीवर बसल्यावर सुचलं.

एक दिवस चुकवला की अंगातून जाईल, असं तुला वाटलं. डॉक्टर म्हणतात, महिनोन्‌महिने घेतलेलं असं एका दिवसात जात नाही. ते तुला माहीत नव्हतं, मान्य. पण जाऊ नकोस म्हणालीस त्याचं कारण तर माहीत होतं! ते एक वाक्य तुझ्या तोंडातून निघालं नाही. मी बूट घातले, मी दार लावलं, मी जिना उतरलो. तेवढ्या वेळात कधीही हाक मारता आली असती.

झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून तू मला जाऊ दिलंस.

पुढे लिहवत नाही.


२ मार्च

ताई,

मागच्या पत्राबद्दल माफी मागत नाही. पण ओरडायचं बळही राहिलेलं नाही.

घरी मी सालीचं खातो. केळी, संत्री, उकडलेली अंडी, सोलून. बाकी काही घशाखाली उतरत नाही. परवा शिट्टी घरून सूप घेऊन आला. त्याच्या बायकोने केलेलं, गरम. मी वाटीत चमचा फिरवत तळ बघत राहिलो. तो म्हणाला, "दादा, झुरळ आहे का?" म्हटलं, नाही रे, सवय लागलीय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर पाणीसुद्धा उजेडात धरून बघतो.

आता कामाचं. हे नीट वाच.

साहेबांनी बोलावलं होतं. समोर माझी उन्हाळ्यातली सही आणि हॉस्पिटलचा कागद, दोन्ही मांडून बसले होते. मी खरं काय ते सांगितलं. तुझ्याबद्दल सांगायला जीभ वळत नव्हती, तरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अळंबीबद्दल तुला शिक्षा होणार, काही महिने बिनपगारी घरी बस. पण ते निस्तरता येईल. औषध लपवणाऱ्याला मात्र मी पुन्हा वर पाठवणार नाही, कारण तिथून पडतं ते खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतं. तुझ्या नकळत दिलं असं म्हणतोस, तर देणाऱ्याने मला सांगावं. फोनवर चालेल. मग डॉक्टर धडधाकट म्हणाले की तुझी केबिन तुला." महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले.

म्हणजे सगळं तुझ्या एका फोनवर आहे.

तू का केलंस, ते मला कळत नाही असं नाही. तो गच्चीचा प्रकार मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. आठवतो. मी न झोपता काढलेल्या त्या आठवड्यात गच्चीच्या कठड्यावरून चालत होतो, अनवाणी, आणि खाली जमलेल्या लोकांना हात हलवत होतो. तू वर आलीस. ओरडली नाहीस, रडली नाहीस. कठड्याच्या अलीकडून माझ्या पावलाला पाऊल लावून चालत राहिलीस आणि म्हणत राहिलीस, "चल, घरी जाऊ. चल, घरी जाऊ." शेवटी मला कंटाळा आला आणि मी उतरलो. त्याच माणसाने वर्षांनी सांगितलं, की ताई, गोळ्या बंद, आणि उद्यापासून तीस मजले वर काम. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं? विचार करतो आणि अर्ध्यावर सोडून देतो, कारण उत्तर आवडत नाही.

आणखी एक. कॉफी थांबल्यापासून माझी झोप पातळ झालीय. डोक्यात एकाच वेळी दहा बेत शिजायला लागले. पहिल्यासारखंच. मी स्वतः डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुसरी गोळी दिलीय, हात न थरथरवणारी, बघू म्हणाले. रोज मी माझ्या हाताने घेतो. तुझं म्हणणं खरं निघालं, गोळीशिवाय माझं चालत नाही. सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच. ते महिने माझे होते असं वाटत होतं. ते तुझे होते.

साहेबांचा नंबर मागे लिहिलाय. फार बोलू नकोस. "मी देत होते, त्याला माहीत नव्हतं," एवढंच.

धाकटा


१९ मार्च

ताई,

आज लिहायचं मुद्दाम असं काही नाही. झालं ते कळवतो.

भाचीचा फोन आला होता. तिला सगळं ठाऊक नाही, आणि मी सांगितलं नाही. म्हणाली, "मामा, आई जेवत नाही. तुझी पत्रं उशाखाली ठेवते. रोज फोन घेऊन गॅलरीत बसते, नंबर लावते आणि ठेवून देते. तिला काय झालंय?" मी म्हटलं, वय झालंय. ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत करायला हवा, एवढंच म्हणते. कुणाला करायचाय?" मी म्हटलं, कुणाला नाही.

नंतर खिडकीशी बसलो. समोरच्या बांधकामावर दुसऱ्याच कंपनीची क्रेन आहे, तिचा चालक नवखा आहे, माल झोके देत उचलतो. बघत बसलो आणि मनात आलं, समज, ताईने फोन केलाच. तर "मी देत होते" हे पहिल्यांदा कोण ऐकणार? साहेब. हातात पेन घेऊन बसलेला, तुला कधी न पाहिलेला माणूस. मग ते फाईलला लागणार, मग मला कळणार. इतकी वर्षं एका घरात काढली आपण. तुझ्या तोंडचं ते वाक्य साहेबांकडून ऐकायची माझी तयारी नव्हती. केबिन हवी होती, खूप हवी होती. तरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "मागच्या वेळी सांगितलं ते खोटं. गोळ्या मीच घेत होतो. वर जायचं होतं म्हणून लपवल्या. ताईचा संबंध नाही." ते म्हणाले, "नक्की?" म्हटलं, नक्की. त्यांना खरं कळलं असावं, पण त्यांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. मास्तरीणबाईंनाही जाऊन तेच सांगितलं, म्हणजे त्यांच्यावर कुणी बोट ठेवायला नको. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. बरोबरच आहे.

शिक्षा संपली की पुन्हा गोदाम. वर कायमचं बंद. शिट्टी ऐकून माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, खाली आपण दोघं तरी असू."

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. माफ करायलासुद्धा अंगात ताकद लागते. मी फक्त दमलोय. पण आता तुला कुणाचीच भीती नाही. साहेब विचारणार नाहीत, डॉक्टर विचारणार नाहीत, पोलीसपाटील कुणी येणार नाही. कागदोपत्री सगळं माझ्यावर आहे. साऱ्या जगात आता एक मीच उरलोय ज्याला तुझ्याकडून उत्तर हवंय, आणि त्या उत्तराने आता काहीच बदलणार नाही. नोकरी नाही, केबिन नाही, काही नाही. म्हणून तरी खरं सांगता येईल तुला.

मी रविवारी दुपारच्या गाडीने येतोय. भाचीला सांग, मामा येतोय, बाकी काही सांगू नकोस. माझ्यासाठी काही रांधू नकोस. समोर बस, आणि सांग.

तुझा धाकटा